म्हाताऱ्याचा राग

आमच्याकडे जनावर लंगडायला लागलं की त्याला डाग देतात. शेणकुटांची आगटी पेटवायची, तीत जुना विळा खुपसून ठेवायचा आणि लाल झाला की जनावराच्या खुब्यावर फुली ओढायची. आत शिरलेला वारा जळून जातो म्हणे. माझा दीर यात पटाईत. पारनेर तालुक्यात आमच्या बाजूला कुणाचा बैल पाय ओढायला लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस बैलासकट आमच्या वस्तीवर हजर. दीर आधी चहा पितो, मग विळा तापवतो आणि हात न थरथरता फुली मारतो. बैल बरा झाला तर दिराचं नाव होतं, नाही झाला तर बैलाचं नशीब.

मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर शाळेच्या चड्डीत होता. त्याची भाकरी मी बांधून दिली, त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. त्यामुळे मी त्याला अरेतुरे करते आणि तो मला ‘वैनी, तुमी’ म्हणतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला काय काय बोलले ते वाचून कुणाला वाटायला नको की ही बाई घरातल्या सगळ्यांनाच असं बोलते. म्हणजे बोलते, पण त्याला जरा जास्त.

त्या दिवशी मी कांद्यात खुरपत होते. पावसाळा संपत आला होता आणि तण नुसतं मातलं होतं. एकाएकी गोठ्याकडून आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं कुणी विहिरीत पडलं. कुत्रं असं ओरडू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. हातात खुरपं तसंच धरून मी वाफे तुडवत पळत सुटले.

गोठ्यात सुट्टीला घरी आलेले आमचे मालक आमच्या कुत्र्याची मान गुडघ्याखाली दाबून बसले होते. त्याचं तोंड सुतळीनं बांधलं होतं, तरी त्या बांधल्या तोंडातून तो आवाज येत होता. दीर मागच्या बाजूला. केस जळाल्याचा आणि त्याखालचं कातडं जळाल्याचा वास गोठाभर भरला होता. एक रेघ ओढून झाली होती. विळा परत तापवून तो दुसरीसाठी वळला होता.

"हात लावशील तर बघ!" मी दारातूनच ओरडले.

"वैनी, एकच ऱ्हायली. अर्धी फुली ठिवली तर लागू पडत न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुरप्याची मूठ मी त्याच्या मनगटावर हाणली, जोर लावून हाणली. विळा उडाला आणि वैरणीत पडला. वैरण पेटली. मालक उठून पायानं ती विझवायला लागले तसं कुत्रं त्यांच्या गुडघ्याखालून सुटलं. पळालं मात्र नाही. मागचा भाग ओढत, पुढच्या पायांवर घसटत ते गव्हाणीखाली शिरलं आणि तिथंच मुतलं.

"मुडद्या, हातात किडे पडतील तुझ्या!" मी दिराला म्हणाले. मग मालकांकडे वळले. "आणि तुम्ही हो? ज्या हातानं भाकरी टाकता त्याच हातानं मान दाबायची?"

"अगं, बरं व्हावं म्हनूनच ना," मालक म्हणाले. त्यांच्या पायाच्या बोटांना चटका बसला होता, ते एका पायावर उभे होते.

खरं होतं ते. दोघांनाही तो बरा व्हायला हवा होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. वाईट करायला निघालेल्याला शिवी देता येते. भलं करायला निघालेल्याला काय द्यायचं? मी शिवीच दिली.

या कुत्र्याला नाव होतं, पण शेवटची काही वर्षं सगळे त्याला म्हाताराच म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते. एका मेंढपाळाच्या वाड्यावरून ते आमच्याकडे आलं तेव्हा माझ्या पदरात मावत होतं. मालक श्रीगोंद्याकडे एका साखर कारखान्यावर कामाला, सुट्टीलाच घरी येतात. पहाटे वीज आली की मोटार चालू करायला विहिरीवर मी एकटी जाते. एकटी म्हणजे म्हातारा आणि मी. माझ्या पुढे पुढे बांधावरून चालायचा, वळून बघायचा, परत चालायचा. साप दिसला तर थांबायचा. मला भीती वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले, ते त्याच्या जिवावर. माझं त्याच्यावाचून अडत होतं, सरळ सांगते.

मग आमच्या शिवारात बिबट्या आला. पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं ओट्यावरून उचललं, मागे नुसता गळपट्टा सापडला. तेव्हापासून म्हाताऱ्याला साखळी लागली. मालकांनी गोठ्याच्या कोपऱ्यात लोखंडी जाळी ठोकून दिली, आत भुसा अंथरला, आणि सगळा जन्म मुरमाड बांधावरून फिरलेलं ते जनावर मऊ भुशावर बसून राहिलं. काही महिन्यांतच त्याचा मागचा डावा पाय अधांतरी राहायला लागला. उभं राहिलं की अंग थरथरायचं. सगळे म्हणाले, वय झालं, वारा शिरला. आणि वारा म्हटलं की विळा आलाच.

डाग दिल्यावर दुसऱ्या दिवशी मी कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी घेऊन जखम धुवायला बसले. जखम वीतभर लांब, कडा पांढऱ्या पडलेल्या. म्हातारा माझ्यावर गुरगुरला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर. मी म्हणाले, "गुरगुर बाबा, तुझा हक्कच आहे," आणि एक हात त्याच्या पायाखाली घालून पाय उचलला. पंजा हातात आला आणि बोटाला काहीतरी टोचलं. वाकून बघितलं. दोन नखं वाढून वाढून आकड्यासारखी वळली होती आणि त्यांची टोकं तळव्याच्या गादीत रुतली होती. आत पू झाला होता. जरा दाबलं तर तो पिचकारीसारखा माझ्या लुगड्यावर उडाला.

पाय दुखत होता तळव्यात, आणि आमच्या माणसांनी जाळला खुबा. बैलाला डाग देताना दीर आधी त्याचा खूर उचलून बघतो, काटा असेल तर काढतो. कुत्र्याचा पंजा कोण उचलतो? गावच्या कुत्र्याची नखं दगडमातीवर आपोआप झिजतात. ती कापावी लागतात हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या कानावर आलं नव्हतं.

टेम्पोत घालून त्याला पारनेरला नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी नखं कापली, पू काढला, इंजेक्शन दिलं. सांधे म्हातारे झालेत, म्हणाले, आता याला पडून राहू देऊ नका. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा चालवा. पडून राहिला तर मागचा भाग कायमचा बसेल, मग काही इलाज नाही. कापलेली नखं मी पदराच्या टोकाला बांधून आणली. घरी आले ती थेट दिराच्या दारात गेले. तो जेवत होता. ती नखं मी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय वो?"

"हा तुझा वारा."

त्याने एक नख उचलून उजेडात धरलं. मग म्हणाला, "कुत्र्याची नखं कोन बघतं वैनी?"

"बैलाचा खूर बघतोस ना? कुत्र्याला काय पाय नाहीत? आग लागो तुझ्या विळ्याला!"

चुकलो म्हणाला असता तर मी तिथंच शांत झाले असते. पण आमच्या घरातल्या पुरुषांना तो शब्द घशात अडकतो. त्याने ताट सारलं आणि हात धुवायला उठला.

नखं कापली, पू गेला, जखम भरत आली. आता उठेल, मग उठेल, अशी मी वाट बघत होते. म्हातारा उठेना. पाय बरा होता, मी दाबून बघितला होता. मनच उठत नव्हतं. माणसांनी त्याला धरलं होतं, दाबलं होतं, जाळलं होतं. आता कशाला कुणाच्या मागे चालायचं, असं त्याला वाटत असेल तर त्यात चूक काय? पण इथे त्याच्या जिवाशी गाठ होती.

मी काय काय केलं नाही! गोठ्याच्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून गोणपाटं अंथरली. जुन्या लुगड्याचा पट्टा करून त्याच्या पोटाखालून घातला आणि दोन्ही टोकं धरून मागचा भाग उचलून धरला. तो पाय लोंबते सोडून पोत्यासारखा लटकत राहिला. करडईचं तेल कोमट करून सांधे चोळले. मटणाची हाडं हातभर लांब ठेवली. तो हाडाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि मान खाली टाकायचा. एकदा संताप अनावर झाला आणि मी पट्टा त्याच्या अंगावर फेकून ओरडले, "मर मग इथंच! मर!" त्याने शेपटीचं टोक हलवलं. मला रडू फुटलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

इकडे दिराच्या शेळ्यांच्या कुंपण घातलेल्या वाडग्यापाशी ओल्या मातीत बिबट्याच्या पंजांचे ठसे उमटले. दिराची लहान लेक त्या वाडग्यात खेळते. दीर ठशांवर पाटी झाकून माझ्याकडे आला.

"वैनी, फिरनारं कुत्रं आसलं तर बिबट्या दबतो. पडलेलं कुत्रं म्हंजी त्याला आवतन हाय. आज त्यो ह्याच्या वासानं यील, उंद्या माझ्या लेकीवर झडप घालील. दसऱ्यापतुर बघा. उठला तर ठीक. न्हाई तर मी पोत्यात घालून घाटात सोडून येनार."

"आधी मला पोत्यात घाल."

"तुमी तर चालताय की," तो म्हणाला. थट्टा नव्हती ती. त्याच्या तोंडावरची भीती मला दिसत होती. लेकरापुढे कुत्रं काय, हे मलाही कळत होतं, आणि त्याचाच मला धसका बसला. नुसता दुष्टपणा असता तर भांडता आलं असतं.

दसरा उजाडला. मालक सुट्टीवर आले होते. अंगणात झेंडूच्या माळा करत बसले होते, मी तुळशीपाशी सारवत होते. म्हातारा गोठ्याच्या दारात उन्हाला टाकलेला. दीर आला. हातात खताचं रिकामं पोतं. माझ्याकडे न बघता तो गोठ्याकडे निघाला.

आणि म्हाताऱ्याने मान उचलली.

आधी गुरगुर आली, अगदी खोल पोटातून. मग ओठ वर गेले, उरलेसुरले पिवळे दात दिसले. मग पुढचे पाय रोवले. मागचा भाग एकदा उचलला, पडला, परत उचलला. तो उभा राहिला. आणि चालत आला, डोकं खाली घालून, एक पाय ओढत, गोठ्याच्या दारापासून थेट तुळशीपर्यंत, दिरावर नजर रोखून. दीर जागीच खिळला होता. कुत्रं आपल्याकडे येतंय हे त्याच्या ध्यानात आलं तोवर म्हाताऱ्याचे दात त्याच्या पोटरीत रुतले होते. सोडेनात. दीर बोंबलला, पोतं मारलं, बुक्की मारली. म्हातारा लोंबकळत राहिला, मान हिसडत राहिला. रक्त सारवणावर सांडलं.

दिराने कसाबसा पाय सोडवला आणि खुराड्याला टेकवलेली कुऱ्हाड उचलली. ती उलटी धरली होती की सुलटी, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मध्ये पडले. मालक "ए, ए," करत उठेपर्यंत दांडा माझ्या खांद्यावर बसला. काटकी मोडल्यासारखा आवाज झाला आणि माझा हात लुळा पडला. दीर कुऱ्हाड टाकून मागे सरकला, त्याचं तोंड पांढरंफटक. मालक आयुष्यात कधी नव्हे ते बोलायचं सोडून हात उचलते झाले. धाकट्या भावाच्या एक अशी कानफटात दिली की तो खुराड्यावर जाऊन आदळला. कोंबड्यांनी आकाश डोक्यावर घेतलं.

आणि मी हसत होते. खांदा मोडलेला, डोळ्यांपुढे काजवे, आणि मी हसत होते.

"अहो, चालला!" मी म्हणाले. "बघितलंत का? गोठ्यापासून इथवर चालला!"

"वैनीला येड लागलं," दीर गाल धरून म्हणाला.

नगरला नेऊन माझा हात गळ्यात बांधला. दिराला पारनेरच्या सरकारी दवाखान्यात कुत्रं चावल्याची इंजेक्शनं सुरू झाली. प्रत्येक खेपेला तो परत येताना आमच्या अंगणाच्या कडेनं जायचा, आणि प्रत्येक खेपेला गोठ्यातून गुरगुर उठायची, साखळी ताठ व्हायची. दीर दिसेनासा झाला की म्हातारा परत मांस ओघळल्यासारखा खाली बसायचा. मी हाक मारली तर कान हलवायचा, बस.

खोटं कशाला सांगू, मला हेवा वाटला. मी खाऊ घातलं, मी चोळलं, मी हाड मोडून घेतलं, आणि हा उठणार कुणासाठी, तर ज्याने जाळलं त्याच्यासाठी. पण तापट माणसाला हे समजायला फार वेळ लागत नाही. मी स्वतः कितीदा तरी केवळ रागाच्या जोरावर अंथरूण सोडलं आहे. माया माणसाला निजवते, राग उठवतो. त्याला या वयात उठायला कारण हवं होतं, आणि ते कारण शेजारच्या घरात राहत होतं.

मी दिराच्या दारात गेले. मला बघून त्याने मान खाली घातली. माझ्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे त्याला बघवत नव्हतं.

"उद्यापासून सकाळी यायचं," मी म्हणाले.

"कशाला?"

"म्हाताऱ्याला फिरवायला."

"चावून घ्यायला म्हना की."

"व्हय. चावून घ्यायला. तू पुढं चालायचं, तो तुझ्या मागं येईल."

"वैनी, त्यो मला खाईल."

"अर्धे दात पडलेत त्याचे. आणि तुझ्या लेकीसाठी फिरणारं कुत्रं पाहिजे होतं ना तुला?"

तो दुसऱ्या दिवशी आला. एकावर एक दोन पँटी घालून आला. मी म्हाताऱ्याच्या गळ्यात दोरी अडकवून ती धड हातात धरली. दीर अंगणात उभा राहिला आणि पुढचं त्याला सुचेना. म्हातारा मात्र उठला होता. "चाल की!" मी दिरावर ओरडले. तो चालायला लागला. मागून गुरगुर, त्यामागून मी. विहिरीच्या वाटेवर म्हातारा थकला, बसायला लागला, तसा दीर वळला. पाय आपटून त्याने आरोळी दिली, "हाड!" म्हातारा पिसाळल्यासारखा उठला. दोरीला असा हिसका बसला की मी तोंडावर पडता पडता वाचले.

अशी आमची वरात रोज निघायला लागली. पुढे दीर, मध्ये शिव्या देणारं कुत्रं, मागे शिव्या देणारी बाई. शेजारच्या वस्तीवरचे लोक मुद्दाम उठून बघायला यायचे. कुणी विचारलं तर दीर म्हणायचा, "माझं पाप माझ्या मागं मागं फिरतंय," आणि स्वतःच हसायचा. पण हसताना मागे बघायचा.

हिवाळा भरात आला, ज्वारी कमरेच्या वर गेली. म्हाताऱ्याच्या अंगात जोर भरला. मुरमावर चालून नखं झिजली. डाग दिला होता तिथे केस आले नाहीत, पण मांडी जरा भरली. विहिरीपर्यंत यायचा तो बांधाला पुरा फेरा घालायला लागला. एकदा ज्वारीत खसखस झाली तेव्हा तो दिराला सोडून तिकडे वळला आणि इतका भुंकला की आतलं जे काही होतं ते पळून गेलं. आम्ही दोघं दगडासारखे उभे होतो. दिराने काठी पुढे धरली होती. मग म्हातारा परत वळला आणि गुरगुरत दिराच्या मागे लागला, राहिलेलं काम पुरं करायला.

दीर बदलत गेला, ते मी बघत होते. पुढे चालता चालता तो वाकायचा आणि वाटेवरचे सराटे उचलून खिशात टाकायचा. म्हाताऱ्याच्या पायात काटा जाऊ नये म्हणून. म्हाताऱ्याला त्याचं काय, तो त्याच्या टाचेवर डोळा ठेवून चालायचा. एका शनिवारी दीर शेळी विकायला भल्या पहाटे काष्टीच्या बाजाराला गेला. म्हातारा दिवसभर उठला नाही. ना मुतायला, ना पाणी प्यायला. संध्याकाळी दीर येताच मी त्याला दारातच धरला.

"कुठं उलथला होतास?"

"बाजाराला गेल्तो वैनी."

"बाजार गेला खड्ड्यात! ते उठलं नाही दिवसभर!"

तो बाजाराची पिशवी तिथंच ठेवून गोठ्याकडे पळाला. दारात उभं राहून त्याने काठी आपटली. आतून गुरगुर आली. दिराने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. तेव्हापासून त्याने बाजार सोडला, पाहुणेरावळे सोडले. मेव्हणीच्या लग्नालाही गेला नाही. बायको रुसून बसली तर म्हणाला, कुत्रं उठत न्हाई माझ्याबगर.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी विहिरीच्या कठड्यावर आम्ही दम खात बसलो होतो. दीर लांब, म्हातारा मधोमध, त्याच्यावर नजर रोखून. दिराने खिशातून भाकरीचा तुकडा काढून टाकला. म्हाताऱ्याने हुंगलासुद्धा नाही.

"वैनी," तो म्हणाला, "ह्यो मला कवा माफ करनार?"

"करू नको म्हणावं."

"आसं काय बोलता वो? मी कमी का केलं?"

"अरे खुळ्या," मी म्हणाले. "तो माझ्या भाकरीवर उठत नाही. डॉक्टरच्या गोळीवर उठत नाही. तो तुझ्या रागावर उठतो. ज्या दिवशी त्यानं तुला माफ केलं, त्या दिवशी तो उठायचा कशाला?"

दिराने उठून पाय आपटला, नेहमीपेक्षा जोरात, आणि आम्ही चालायला लागलो.

होळीच्या पुढेमागे म्हाताऱ्याचं खाणं कमी झालं. चालणं थांबलं नाही, पण गुरगुर बारीक झाली. दीर रोज कान देऊन ऐकायचा. मध्येच वळून "हाड!" करायचा, काठी उगारायचा, खोटा दगड उचलायचा. म्हातारा दात दाखवायचा, पण दाखवून झाल्यावर लगेच ओठ मिटायचा. घरी परतल्यावर दीर मला विचारायचा, "आज बरा गुरगुरला न्हाई का?" मी म्हणायचे, "चांगला गुरगुरला." दोघांनाही ठाऊक होतं.

मग ती सकाळ आली. ऊन नुकतंच बांधावर उतरलं होतं. दीर अंगणात आला, काठी आपटली. म्हातारा उठला. हळूहळू उठला, पण स्वतः उठला. मी दोरी लावली. दीर पुढे निघाला, म्हातारा मागे. विहिरीच्या अलीकडे दीर थांबला आणि वळला. म्हातारा आपल्या चालीने चालत त्याच्यापर्यंत गेला. मी दोरी आखडली, वाटलं आज परत पोटरी धरतो. पण त्याने काही धरलं नाही. तो दिराच्या पायाला पाठ टेकवून बसला आणि समोरच्या रानाकडे बघत राहिला.

"वैनी," दीर पुटपुटला. हललासुद्धा नाही. "वैनी, ह्यो गुरगुरंना."

दोरी माझ्या हातातून सुटली.

"हाड!" दीर म्हणाला. त्याने पाय मागे घेतला आणि आपटला. "हाड! ए म्हाताऱ्या, हाड!" त्याने काठी डोक्यावर उगारली, शेजारच्या दगडावर आपटली, ती मोडली. म्हाताऱ्याने मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा त्याच्या पायाला टेकून बसला. दिराने पँट वर केली आणि उघडी पोटरी त्याच्या तोंडापुढे धरली. "घे, चाव! चाव ना!" मग तो त्या मातीत गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी म्हाताऱ्याचं डोकं धरलं आणि माझ्यादेखत, रडत, ओरडत राहिला, "गुरगुर की रे बाबा. येकदा तरी गुरगुर."